नेरूळच्या पाण्याकाठी फिरायला जाताय? आधी कालनिर्णय काढा

या वाटेसाठी पिशवी भरायला पाच मिनिटं पुरतात, दिवस ठरवायला मात्र थोडा वेळ द्या. नेरूळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई उद्यान पाम बीच रस्त्याजवळ आहे, धारण तलावाच्या काठाने. वाट सपाट. गुडघ्यांनी संप पुकारलेली माझी आईसुद्धा बाकावर टेकत टेकत एक फेरी मारते. म्हणजे ट्रेकचे बूट, काठ्या, भलीमोठी सॅक हे सगळं घरीच राहू द्या.

इथे बघायचे ते रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो. त्यांच्यासाठी दिवस कसा ठरवायचा ते आधी. मागच्या वर्षी मी फक्त रविवार बघितला. संकष्टी आहे हे माहीत होतं, पण ते उपासापुरतं. सकाळी नऊला पोचले तर खाडी पार सुकलेली. रोहित पक्षी दूर चिखलात, कुणी गुलाबी खडूने रेघ ओढावी तसे. चूक माझीच. ओहोटीला चिखल उघडा पडला की हे पक्षी तिकडे चरायला जातात आणि भरतीने चिखल बुडाला की आसपासच्या तळ्यांत येतात, टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेच्या मागच्या पाणथळीत किंवा डीपीएस शाळेजवळच्या तळ्यात. उद्यानातली फेरी झाली की तिकडे वळायचं, पण भरती गाठूनच.

त्यासाठी कोकणातला जुना हिशोब कामाला येतो: तिथीची पाऊणपट म्हणजे साधारण पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चारची पाऊणपट म्हणजे तीन, म्हणून भरती पहाटे तीनला आणि पुन्हा दुपारी तीनच्या सुमारास. मधे नऊला मी चिखल बघत उभी! द्वादशीला भरती नऊच्या आसपास येते, ती आपल्या सोयीची. शुक्ल असो की कृष्ण, गणित तेच. खाडीत थोडं मागेपुढे होतं, तेव्हा आदल्या रात्री फोनवर मुंबईची भरतीची वेळ एकदा ताडून घ्या. अष्टमीच्या आसपास मात्र जाऊ नका. भांगाची भरती असते, पाणी फारसं चढत नाही आणि पक्षी चिखल सोडत नाहीत.

महिना हिवाळ्यापासून मेपर्यंत कुठलाही; मी फेब्रुवारी-मार्च धरते. वेळ सकाळची, कारण खाडी पश्चिमेला आहे. संध्याकाळी सूर्य थेट डोळ्यांत येतो आणि गुलाबी पक्षी काळे दिसतात.

आता पिशवी. दुर्बीण हवीच, आठ बाय बेचाळीसची पुरते. दहापटीची घेतलीत तर हात थरथरतो आणि पक्षी नाचताना दिसतो. ती असली की चोच नीट बघता येते: गडद लाल, लांबून जवळपास काळीच वाटणारी चोच लहान रोहितची, फिकट गुलाबी आणि फक्त टोकाला काळी ती मोठ्या रोहितची. खाताना डोकं उलटं करून ती चोच पाण्यात बुडवतात. ते एकदा दिसलं की मी पंधरा मिनिटं हलत नाही. म्हणून फेरीला एक तास पुरत असला तरी दोन धरा.

टोपी, अर्धा लिटर पाणी, डासांचं मलम, पूर्ण बाह्यांचा मळखाऊ रंगाचा शर्ट. जुने स्पोर्ट्स शूज चालतील. औषधाची वेळ असेल तर गोळी आणि दोन बिस्किटं. मुलं असतील तर वही-पेन्सिल द्या. शेकाट्या, वंचक, खंड्या, पाणकावळा एवढे तरी लिहून होतात. खाडीच्या बाजूला उग्र वास आला की लगेच गटार म्हणू नका. खाजणातला चिखल कुजतो तेव्हा असाच वास येतो, नाकाला दहा मिनिटांत सवय होते.

न्यायचं नाही ते: ड्रोन, स्पीकर आणि शेव-गाठ्यांची पुडी. कुरव पक्ष्यांना गाठ्या उधळायची जी हौस बोकाळली आहे, ती मला अजिबात पटत नाही. तळणीतलं मीठ-तेल त्यांच्या पोटात, प्लॅस्टिकची पुडी पाण्यात.

धारण तलाव म्हणजे काय, हे घरचे विचारतील तर उत्तर तयार ठेवा. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. भरती आणि जोराचा पाऊस एकदम आले की शहरातलं पाणी या तलावांत थांबवून ठेवतात आणि ओहोटी लागली की खाडीत सोडतात. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये रामसर यादीत गेलं. नेरूळची ही तळी मात्र त्याच्या हद्दीबाहेर पडतात.

एक स्वच्छ रुमाल वरच्या कप्प्यात ठेवा. काठाला तिवरं आहेत, चिखलातून पेन्सिली रोवाव्यात तशी त्यांची मुळं वर आलेली असतात. पान तोडू नका, फांदीवरच उलटवून बोट फिरवा आणि जिभेला लावा. खारट लागेल. जास्तीचं मीठ झाड पानांतून बाहेर टाकतं. आईने पहिल्यांदा चाखलं तेव्हा म्हणाली, "कैरीबरोबर चाललं असतं." तेव्हापासून मार्चमध्ये आमच्या डब्यात कैरीच्या फोडी असतात, मीठ न लावलेल्या.