पक्षाघातानंतर हाताचा सराव: व्हीआरचा खेळ रुग्णाच्या मापाचा कसा करावा

पक्षाघाताने लुळ्या पडलेल्या हातात हालचाल परत आणायची, तर तीच हालचाल शेकडो वेळा करावी लागते. प्रत्यक्षात तसे घडत नाही. संशोधक कॅथरिन लँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली अमेरिका व कॅनडातील उपचारसत्रांची मोजदाद प्रसिद्ध केली, तेव्हा हाताच्या उपयोगी हालचालींची सरासरी एका सत्रात अवघी ३२ भरली. व्हर्च्युअल रिॲलिटीचा (व्हीआर), म्हणजे डोळ्यांवरच्या हेडसेटमध्ये किंवा पडद्यावर दिसणाऱ्या आभासी जगाचा, खरा उपयोग ही संख्या वाढवण्यासाठी आहे. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या, ७२ चाचण्यांवर आधारलेल्या २०१७च्या अहवालात नेहमीच्या उपचाराऐवजी व्हीआर दिल्याने हाताला अधिक लाभ झालेला दिसला नाही, मात्र त्या उपचाराच्या जोडीला दिल्यावर दिसला. त्यामुळे फिजिओथेरपीची वेळ कापून तेथे हेडसेट बसवू नये.

सुरुवात रुग्णाच्या गरजेपासून करावी. त्याला पोळीचा तुकडा मोडायचा आहे, की फडताळातला डबा काढायचा आहे, हे त्याच्याच तोंडून ऐकून घ्यावे, कारण पहिल्या कामाला बोटांची पकड लागते आणि दुसऱ्याला खांद्याची उचल. मग पक्षाघातानंतरची हालचाल मोजणाऱ्या फ्यूगल-मायर चाचणीतील हाताचे ६६ पैकी गुण आणि एका मिनिटात पेटीतल्या मधल्या आडभिंतीपलीकडे किती ठोकळे टाकता येतात, हे नोंदवून ठेवावे. फिट येण्याचा इतिहास, मानेचे दुखणे, अस्थिर रक्तदाब किंवा निखळू पाहणारा खांदा असेल, तर डॉक्टरांच्या संमतीविना पुढे जाऊ नये.

यानंतरची पायरी मापनाची, आणि माझ्या मते बहुतेक चुका येथेच होतात. हात जितका लांब जाईल तितका न्या, असे यंत्र सांगते. रुग्ण प्रामाणिकपणे प्रयत्न करतो, पण कोपर सरळ होत नसल्याने कमरेतून पुढे झुकतो आणि खांदा कानाकडे उचलतो. हातातला कंट्रोलर (हालचाल टिपणारे उपकरण) पुढे गेला एवढेच यंत्राला कळते, आणि झुकून मिळवलेले ते अंतर हाताची क्षमता म्हणून नोंदले जाते. मग पुढचा प्रत्येक खेळ त्याला झुकायलाच शिकवतो. म्हणून चाके नसलेल्या, ताठ पाठीच्या खुर्चीत बसवावे, छातीवरून रुंद पट्टा सैलसर बांधावा, पाठ टेकलेली असताना हात कुठवर पोहोचतो ते पाहावे आणि तेच माप यंत्रात भरावे. दोन्ही हातांची मापे वेगवेगळी घ्यावीत.

खेळ रुग्णाप्रमाणे बदलतो म्हणजे नेमके काय होते, हे संशोधक पॉल फर्शूर यांच्या गटाने बार्सिलोनात विकसित केलेल्या ‘रिहॅबिलिटेशन गेमिंग सिस्टिम’मध्ये चांगले दिसते. रुग्ण टेबलापाशी बसतो, पडद्यावरचे आभासी हात त्याच्या हातांबरोबर हलतात आणि समोरून येणारे गोळे त्याला अडवायचे असतात. गोळ्यांचा वेग, दोन गोळ्यांमधला अवधी आणि ते डावी-उजवीकडे किती पसरावेत, या तीन गोष्टी त्याच्या यशानुसार बदलत राहतात. आपल्या प्रणालीत नियम ठरवण्याची मुभा असेल, तर दहापैकी सातांहून अधिक प्रयत्न जमल्यावर काठिण्य थोडे वाढवावे आणि पाचांहून कमी जमल्यास उतरवावे, हा सुरुवातीला पुरेसा नियम आहे.

परंतु यापैकी काय बदलू द्यायचे, हा निर्णय यंत्रावर सोडू नये. स्नायूंचा ताठरपणा हालचालीच्या वेगाबरोबर वाढतो. म्हणून तो जास्त असलेल्या रुग्णासाठी वेग कायम ठेवून फक्त अंतर किंवा लक्ष्याचा आकार बदलू द्यावा. डाव्या बाजूकडे दुर्लक्ष होत असेल, तर लक्ष्ये मध्यापासून हळूहळू डावीकडे सरकवावीत आणि डाव्या कडेला एक ठळक लाल पट्टी कायम दिसू द्यावी. ती दिसेपर्यंत नजर नेण्याची सवय लावावी.

पहिली सत्रे ५ ते १० मिनिटांचीच ठेवावीत आणि जवळ कोणीतरी उभे असावे. मळमळ, चक्कर किंवा खांद्यात कळ आली, तर गुण चांगले मिळत असले तरी हेडसेट उतरवावा. गुण एकाएकी वाढले, तर आनंद मानण्याआधी पाठ खुर्चीला टेकलेली आहे का ते पाहावे, आणि उतरले तर आदल्या रात्रीची झोप व औषधांची वेळ विचारावी.

हेडसेट काढल्यावर लगेच, हात अजून सैल असतानाच, तीच हालचाल खऱ्या वस्तूवर करून घ्यावी. स्टीलचा पेला अर्धा भरून समोर ठेवावा, पकडायला, उचलायला आणि न सांडता परत ठेवायला सांगावे. पाण्याचे वजन आणि धातूचा गारवा हेडसेटमधल्या पेल्याला नसतो. खेळात सहज जमणारी पकड येथे निसटत असेल, तर पुढच्या सत्रात खेळ कठीण करण्याऐवजी पेल्याबरोबरचा सराव वाढवावा.