हुरहूर नेमकी कधी म्हणायची?

लेक पहिल्यांदा होस्टेलला गेली त्या संध्याकाळी मी आईला फोनवर म्हटलं, आई फार टेन्शन आलंय गं, तर ती म्हणाली टेन्शन कसलं, पोर नीट पोचलीये, जेवलीये, ही हुरहूर आहे. आणि खरंच तोच शब्द बसला! तेव्हापासून मी तो आवर्जून वापरते.

हुरहूर म्हणजे संकट काही नसतं, पण कुणीतरी जवळ नाहीये किंवा काहीतरी सरलंय आणि जीव तिकडेच ओढ घेतोय. अनंत चतुर्दशीला विसर्जन करून घरी आल्यावर रिकामं मखर बघून जे होतं ना, अगदी तेच. तिन्हीसांजेला काही कारण नसताना वाटतं तीपण हुरहूरच.

वाक्यात वापरताना ती "लागते", "वाटते" किंवा "दाटून येते". मला हुरहूर लागलीये, जाताना जिवाला हुरहूर लावून गेली, असं. "मी हुरहूर आहे" होत नाही, तिथे मी बेचैन आहे किंवा अस्वस्थ आहे म्हणायचं. लिहिताना दुसरा हू दीर्घ, पण पुढे प्रत्यय आला की ऱ्हस्व होतो, म्हणजे हुरहुरीनं, हुरहुरीचा.

आता गोंधळ कुठे होतो, तर उद्या दुपारी १ वाजता बारावीचा निकाल आहे तेव्हा जे होतं ती धाकधूक, कारण त्यात भीती आहे. निकालाची हुरहूर असंही लोक लिहितात पण मला ते पटत नाही. आजारी मावशीला भेटायचं राहून गेलं आणि ती गेली, ती रुखरुख, ती वर्षानुवर्षं राहते. नोकरी सोडू की नको यात होते ती घालमेल. शब्द सुचत नसेल तर मनाला विचारायचं, कुणाची आठवण येतेय का? हो असेल तर बिनधास्त हुरहूर म्हणा.

एक मात्र नक्की लक्षात ठेवा, डॉक्टरकडे गेल्यावर हा शब्द नको. तिथे छातीत धडधडतंय, दडपण आल्यासारखं वाटतंय, घाम फुटतोय, झोप लागत नाही, असं सरळ जे होतंय ते सांगायचं आणि कधीपासून होतंय तेपण. आपल्याकडे बायका "काही नाही हो, उगाच कसंतरी होतंय" म्हणून गप्प बसतात, प्लीज तसं करू नका.