ऑनलाइन धंदा सुरू करताय? आधी या चुका टाळा

मी एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कोल्हापुरात. आई आणि आत्या दर उन्हाळ्यात घरच्यापुरती कांदा-लसूण चटणी करतात. (बाहेरचे लोक तिला मसाला म्हणतात, आमच्याकडे ती चटणीच.) दीड वर्षापूर्वी तीच चटणी इंटरनेटवरून विकायला घेतली. मार्केटिंगचा पेपर चांगला गेला होता, त्यामुळे विक्रीही जमेल असं वाटलं. पहिल्या सहा महिन्यांत केलेल्या बहुतेक चुका टाळता आल्या असत्या. तुम्हीही घरचं काही विकायच्या विचारात असाल, तर हे वाचूनच सुरुवात करा.

लाइक भरपूर, ऑर्डर नाही

सगळ्यात जास्त पैसे इथे जातात. मी इन्स्टाग्रामवरची एक पोस्ट दोन हजार रुपये घालून बूस्ट केली, म्हणजे पैसे देऊन जास्त लोकांना दाखवली. लाल चटणीचा सुंदर फोटो, बाजूला भाकरी. चार दिवसांत साडेतीनशेच्या वर लाइक आले आणि ऑर्डर आल्या चार. त्यातल्या दोन नात्यातल्या.

याचं कारण साधं आहे. जाहिरातीचं उद्दिष्ट म्हणून तुम्ही जे निवडता, तेच ती यंत्रणा शोधून आणते. प्रतिसाद हवा म्हटलं की पटापट लाइक करणारी माणसं आणते. ती विकत घेतीलच असं नाही. विक्री किंवा चौकशी हवी असेल तर अ‍ॅड्स मॅनेजर या जाहिराती लावायच्या साधनात जाऊन तसं उद्दिष्ट निवडावं लागतं आणि जाहिरातीतून थेट व्हॉट्सअ‍ॅपवर संभाषण सुरू होईल अशी सोय करावी लागते.

दुसरी चूक घाईची. मी रोज सकाळी आकडे बघायचे आणि रोज काहीतरी बदलायचे: कधी फोटो, कधी वय, कधी शहर. मेटाची (इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅपची मालक कंपनी) जाहिरात सुरुवातीला शिकत असते, म्हणजे ती कुणाला दाखवायची ते यंत्रणा चाचपत असते. साधारण आठवड्यात 50 अपेक्षित कृती (आपण निवडलेली चौकशी किंवा ऑर्डर) मिळाल्या की ती स्थिरावते, आणि मधे मोठा बदल केला की शिकणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. आपलं बजेट लहान असतं, 50 पर्यंत पोचणंही अवघड. म्हणून एकच जाहिरात, एकच शहर, आणि निदान आठवडाभर हात लावायचा नाही. जाहिरातीच्या रकमेवर 18 टक्के जीएसटी लागतो, तोही हिशोबात धरा.

हिशोब पाकिटाचा केला, गिऱ्हाइकाचा नाही

अर्ध्या किलोचं पाकीट 350 रुपयांना. माल 190, पाकीट-लेबल-खोका 25, कुरिअर 70. हातात उरतात 65. जाहिरातीतून एक ऑर्डर मिळवायला 100 रुपये गेले, तर त्या ऑर्डरमागे 35 रुपयांचा तोटा. मी इथेच घाबरून जाहिरात बंद केली होती.

पण ती ऑर्डर देणाऱ्या बाईंनीच दोन महिन्यांनी आपणहून पुन्हा मागवलं, तर त्या वेळी जाहिरातीचा खर्च नाही. तोटा भरून निघून 30 रुपये उरतात. तिसऱ्यांदा मागवलं तर 95. म्हणजे या धंद्यात खरा प्रश्न एकच: पहिल्यांदा घेतलेल्यांपैकी किती जण परत येतात? वर्गात याला भारदस्त इंग्रजी नाव आहे, पण मला ते कळलं आत्याच्या वहीतून. तिने प्रत्येक नावापुढे तारखा लिहिल्या होत्या. ज्यांच्यापुढे दुसरी तारीख नव्हती, त्यांना मी फोन केले. तिघींनी एकच सांगितलं: चव छान आहे, पण पाकिटातून तेल बाहेर आलं.

तेव्हापासून नवीन पाकीट आणलं की त्यात चटणी भरून, सील करून, एक रात्र वर्तमानपत्रावर उलटं ठेवते. सकाळी कागदावर डाग दिसला तर ते पाकीट बाद. तेलाने लेबलची शाई पसरून वजन आणि तारीखही वाचता येत नव्हती, हेही तेव्हाच लक्षात आलं.

कुरिअरचं बिल अंदाजापेक्षा जास्त येतंय

खोका मोजा. कुरिअरवाले खरं वजन आणि आकारमानाचं वजन यातलं जे जास्त असेल ते धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करायचा आणि बहुतेक ठिकाणी 5000 ने भागायचं. माझा खोका होता 30 × 20 × 15, म्हणजे 1.8 किलो. आत माल होता जेमतेम एक किलो! 20 × 15 × 12 चा खोका घेतला तेव्हा आकारमानाचं वजन 0.72 वर आलं आणि खऱ्या वजनाचेच पैसे लागायला लागले. खोका स्वस्तात मिळाला म्हणून मोठा घेऊ नका.

मेसेज पाठवले, उत्तर कुणाचंच नाही

व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत 256 जण बसतात. पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय, फक्त त्यांनाच तो मेसेज पोचतो. मला हे माहीत नव्हतं आणि लोकांना रस नाही असं समजून मी महिनाभर हताश होते. आता प्रत्येक खोक्यात हाताने लिहिलेली चिठ्ठी असते: नंबर, तो सेव्ह करण्याची विनंती, आणि चटणी कोरड्या चमच्यानेच काढा ही सूचना.

भाषा आपली नव्हती

सुरुवातीला मी लिहायचे, ‘ऑथेंटिक आर्टिसनल स्पाइस ब्लेंड’. असं आमच्या घरात कुणी बोलत नाही आणि गिऱ्हाइकाच्या घरातही नाही. मग एकदा लिहिलं, ‘मेसच्या आमटीत एक चमचा घाला, घरची आठवण येईल.’ त्या दिवशी पुण्यातल्या हॉस्टेलवरून सलग चौकशा आल्या. आमचं गिऱ्हाईक कोल्हापुरात नव्हतंच, इथे घरोघरी चटणीची बरणी भरलेली असते. ते होतं गाव सोडून गेलेल्यांमध्ये.

लोकांच्या मनातली शंका आधी दूर करावी लागते, हे इंटरनेटने शिकवलेलं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांना भीती होती. पुढे 1920 मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं, ते कारखान्याचं मुखपत्र म्हणून, आणि त्यातूनच एक मोठं मराठी मासिक उभं राहिलं. आपल्याच सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीची ही गोष्ट मला कुठल्याही परदेशी केस स्टडीपेक्षा जवळची वाटते. माझ्या गिऱ्हाइकाच्या शंका छोट्या होत्या: फार तिखट आहे का, किती दिवस टिकते, मीठ किती. त्यांची उत्तरं किमतीच्या आधी लिहायला लागले आणि संभाषणं अर्ध्यावर तुटायची थांबली.

‘शेवटची पाच पाकिटं’

एका मित्राच्या सल्ल्याने हे लिहिलं होतं. घरात चाळीस पडली होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाहिरात टाकली, तर एका काकूंनी विचारलं, “काल संपत आली होती ना गं?” मला उत्तर देता आलं नाही. अशी खोटी घाई करणं 2023 च्या केंद्र सरकारच्या डार्क पॅटर्नविषयीच्या (म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांविषयीच्या) मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्टपणे चुकीचं ठरवलेलं आहे. पण नियम नसता तरी ते करू नये. ओळखीच्या लोकांकडून अभिप्रायही लिहून घेऊ नका, ज्यांनी खाल्लं नाही त्यांच्याकडून तर नाहीच.

कागदपत्रं नंतर बघू

खाण्याचा पदार्थ असेल तर एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा बघणारी सरकारी संस्था) नोंदणी पहिली, आणि तिचा 14 अंकी क्रमांक पाकिटावर. घटक, निव्वळ वजन, एमआरपी, पॅकिंगची तारीख, पत्ता, संपर्क, शाकाहाराचं हिरवं चिन्ह, हे सगळं छपाईला देण्याआधी तपासा. जीएसटीबद्दल बरेच जण फसतात. वस्तू राज्यातच विकत असाल तर 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, हे खरं. पण करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकायचा असेल तर उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी लागते. निपाणी आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर, पाहुणे-रावळे तिकडेच, पण ते कर्नाटक. पहिली ऑर्डर तिथून आली तेव्हा हे सीएकडे जाऊन विचारलं म्हणून बरं.

हंगाम उलटा धरला

मी सुरुवात केली जुलैत. मिरची घ्यायची, वाळवायची, कांडपावर न्यायची ती मार्च ते मे. जुलैत लोकांच्या बरण्या भरलेल्या असतात आणि आपण पावसाळी दमट हवेत पाकिटं सांभाळत बसतो.

या वर्षी फेब्रुवारीतच आत्याची वही घेऊन बसले. दुसरी तारीख असलेल्या प्रत्येकाला फोन केला, किती किलो लागेल ते विचारलं. त्या बेरजेवर ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची किती घ्यायची ते आईने ठरवलं. जाहिरात यंदा अजून सुरू केलेली नाही.