हाताने चालते, क्रॉनमध्ये चालत नाही: या चुका टाळा

एका कामावर मी नवीन असताना डेटाबेसचा बॅकअप हवा होता. फोल्डर उघडलं, तर शेवटची फाइल तीन आठवड्यांपूर्वीची, तीसुद्धा मीच हाताने स्क्रिप्ट चालवून पाहिली होती तेव्हाची. क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारा प्रोग्राम, रोज रात्री इमानेइतबारे उठत होता, स्क्रिप्ट पहिल्याच ओळीवर आपटत होती आणि कोणाला पत्ता नव्हता.

कारण नेहमीचंच, पाथ, म्हणजे कमांड ज्या फोल्डरांत शोधली जाते त्यांची यादी. आपण लॉगिन करतो तेव्हा प्रोफाइल वाचलं जातं आणि पाथमध्ये दहा ठिकाणं येतात. डेबियन-उबुंटू या लिनक्सवर युजरच्या क्रॉन्टॅबला (क्रॉनच्या कामांच्या यादीला) मिळतात फक्त दोन: /यूएसआर/बिन आणि /बिन. एडब्ल्यूएस सीएलआयसारखं (अ‍ॅमेझॉनचा क्लाउड कमांडने हाताळणारं) टूल /यूएसआर/लोकल/बिन मध्ये असेल, तर क्रॉनच्या लेखी ते अस्तित्वातच नाही. क्रॉन्टॅबच्या वरच पाथ लिहा किंवा कमांडचा पूर्ण पत्ता द्या. शंका असेल तर एक मिनिट 'एन्व्ह' ही (पाथसकट सगळी सेटिंग्ज दाखवणारी) कमांड क्रॉनमधून चालवा, आउटपुट फाइलीत घ्या आणि टर्मिनलमधल्या एन्व्हशी ताडून बघा. फरक बघून डोळे उघडतात.

दुसरी चूक जास्त छळते, कारण ती चूक वाटतच नाही. फाइलच्या नावात तारीख यावी म्हणून क्रॉन्टॅबच्या ओळीतच डेट कमांड लिहिली जाते, टक्क्याच्या चिन्हासकट. क्रॉनसाठी % म्हणजे नवी ओळ! कमांड तिथेच तुटते आणि उरलेला मजकूर तिला इनपुट म्हणून जातो. % च्या आधी उलटा स्लॅश द्या. त्याहून बरं म्हणजे सगळं स्क्रिप्टमध्ये हलवा आणि क्रॉन्टॅबमध्ये फक्त स्क्रिप्टचा पत्ता ठेवा.

डेबियन-उबुंटूवर क्रॉन-डेलीच्या, म्हणजे रोज चालवायच्या कामांच्या फोल्डरात स्क्रिप्ट टाकत असाल, तर नावात टिंब नको. 'बॅकअप.एसएच' असं नाव दिलं की रन-पार्ट्स (त्या फोल्डरातल्या स्क्रिप्ट चालवणारं टूल) ती फाइल गुपचूप वगळतं. नुसतं 'बॅकअप' ठेवा. काय काय चालणार आहे ते रन-पार्ट्सला '--टेस्ट' देऊन आधीच बघता येतं.

वेळेचं गणित. क्लाउडवरचे सर्व्हर बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर असतात आणि आपण साडेपाच तास पुढे. '0 2 * * *' (क्रम: मिनिट, तास, तारीख, महिना, वार) लिहून रात्री दोनचा बॅकअप लावला, तर तो सकाळी साडेसातला सुरू होतो. आपल्या सोमवारी रात्री दोन म्हणजे तिथे रविवारचे 20:30, म्हणजे वारही बदलावा लागतो. आणि '30 2 13 * 5' म्हणजे तेरा तारखेचा शुक्रवार नव्हे, तर दर महिन्याची तेरा तारीख आणि शिवाय प्रत्येक शुक्रवार.

आता अ‍ॅन्सिबल, म्हणजे अनेक सर्व्हरांवर एकदम सेटिंग करणारं टूल. त्याचं क्रॉन मॉड्यूल नोंद ओळखतं ती नावावरून, क्रॉन्टॅबमध्ये त्या नावाची कॉमेंट टाकून. प्लेबुकमध्ये (अ‍ॅन्सिबलच्या सूचनांच्या फाइलीत) कोणी 'बॅकअप' चं 'रात्रीचा बॅकअप' केलं, की जुनी नोंद तशीच राहते आणि नवी शेजारी येऊन बसते. चाळीस सर्व्हरांवर दोन-दोन बॅकअप एकाच डिस्कवर तुटून पडतात. नाव बदलायचंच असेल तर जुन्या नावाला आधी 'अ‍ॅब्सेंट' स्टेट द्या, म्हणजे ती नोंद निघून जाते. दोन फेऱ्या एकमेकींवर चढू नयेत म्हणून कमांडच्या आधी 'एफलॉक -एन' लावा; आधीची फेरी चालू असेल तर ते नवी सुरूच करत नाही.

यादी बदलण्यासाठी 'क्रॉन्टॅब -ई' लिहिताना बोट शेजारच्या कीवर गेलं की '-आर' होतं आणि ते न विचारता सगळं पुसतं. म्हणून यादी दाखवणाऱ्या 'क्रॉन्टॅब -एल' चं आउटपुट गिटमध्ये (फाइलींचे जुने बदल जपणाऱ्या टूलमध्ये) हवंच.

राहिला प्रश्न, तीन आठवडे कळलं का नाही. क्रॉन आउटपुट मेलने पाठवतो आणि सर्व्हरवर मेलची सोयच नव्हती. लॉगमध्ये रोज एक ओळ पडत होती, 'नो एमटीए इन्स्टॉल्ड, डिस्कार्डिंग आउटपुट', म्हणजे मेल पाठवणारा प्रोग्रामच नाही, आउटपुट टाकून देतोय. तेव्हापासून मी एररसकट आउटपुट लॉगफाइलीत वळवतो. बॅकअप फाइल 26 तासांपेक्षा जुनी झाली किंवा शून्य बाइटची निघाली तर अलर्ट देणारी तपासणी दुसऱ्या मशीनवरून चालते.