ग्राउट लादीला जुळलं, पण अंगणातल्या मातीला नाही: कोकणातल्या घरांसाठी या चुका टाळा

नव्या घराच्या पडवीत पांढरं ग्राउट (लाद्यांमधले सांधे भरायचा माल) भरलं असेल, तर पहिल्याच पावसाळ्यात दारापासून दोन-तीन लाद्यांपर्यंतचे सांधे विटकरी होतात आणि भिंतीकडेचे पांढरेच राहतात. लादी पुसली की स्वच्छ होते, सांधा होत नाही. लादीच्या वर चकाकीचा थर असतो, त्यातून पाणी आत जात नाही. सिमेंटचं ग्राउट मात्र सच्छिद्र असतं. जांभ्याच्या मातीला लाल रंग येतो तो लोहाच्या ऑक्साइडमुळे, आणि तिचे बारीक कण ओल्या पायांबरोबर, फडक्याच्या पाण्याबरोबर या छिद्रांत उतरून बसतात. मग कितीही घासा.

म्हणून इथे ग्राउटचा रंग लादीकडे बघून ठरवू नका. त्या जागेवर कोणती माती येणार, कोणतं पाणी सांडणार, हे आधी बघा. लादीशी जुळणं त्यानंतर.

फोनवरच्या फोटोवरून रंग ठरवणं

घर गावी, घरातली माणसं मुंबईत, आणि मिस्त्री दुकानातून शेड कार्डाचा फोटो पाठवतो. ‘यातला कुठला?’ तीन मिनिटांत उत्तर जातं आणि पुढची पंधरा वर्षं तो रंग पायाखाली राहतो. फोनच्या पडद्यावर आयव्हरी, ऑफ व्हाइट आणि फिका करडा यांत फारसा फरकच दिसत नाही. कार्डावरची पट्टी ठसठशीत असते, प्रत्यक्षातला सांधा दोन-तीन मिलिमीटरचा, दोन्ही बाजूंनी लादीच्या कडेची सावली पडलेला. शिवाय सिमेंट ग्राउट ओलं असताना गडद आणि वाळल्यावर फिकं दिसतं. त्यामुळे काम चालू असतानाचा फोटो बघूनही काही कळत नाही.

त्यापेक्षा नमुना करून घ्या. दीड फुटी प्लायवूडचा तुकडा घ्या. त्यावर कापून उरलेल्या लादीचे तुकडे चिकटवा, मध्ये खऱ्या कामात वापरणार तोच स्पेसर (लाद्यांत सारखी फट राखणारा प्लास्टिकचा तुकडा) ठेवा आणि वेगवेगळ्या सांध्यांत तीन रंग भरा. दुकानात एक किलोची पाकिटं मिळतात. पाणी पाकिटावर लिहिलंय तेवढंच, मापून घाला. आठवडाभर सावलीत वाळू द्या. मग तो तुकडा जिथे लादी बसणार तिथेच जमिनीवर ठेवून सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्याखाली बघा. पिवळ्या उजेडात करडा रंग मातकट दिसतो, पांढऱ्या उजेडात तोच निळसर वाटतो.

आता खरी कसोटी. अंगणातली मूठभर माती पाण्यात कालवा, घावनाच्या पिठाइतकी पातळ. नमुन्याच्या अर्ध्या भागावर ती पसरून रात्रभर ठेवा. सकाळी कपड्यांची पावडर आणि नायलॉनचा ब्रश घेऊन धुवा, वाळू द्या, आणि दोन्ही अर्धे शेजारी शेजारी बघा. ज्या सांध्यात फरक सर्वांत कमी दिसतो, तो तुमच्या पडवीचा रंग. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याचीही परीक्षा अशीच: दुसऱ्या अर्ध्या भागावर एकाच जागी चमचाभर पाणी टाकून वाळू द्यायचं, असं आठ-दहा वेळा. पाण्यात लोह असेल तर पिवळट-तांबूस कडं उमटतं, क्षार असतील तर पांढरं.

पांढरा नाही तर काळा

पांढऱ्याचा त्रास कळला की माणसं थेट काळ्यावर जातात. काळ्यावर लाल माती कमी दिसते हे खरं, पण साबणाचा थर, क्षारांचे डाग आणि लोणा (ओलीबरोबर वर येऊन वाळलेलं मीठ) पांढराफटक उठून दिसतो. किनाऱ्याजवळच्या गावांत जोत्याच्या भरावात किंवा लादीखालच्या मालात खाडीची खारी वाळू गेलेली असेल, तर ओल वर येताना मीठही घेऊन येते. काळा सांधा मग ठिकठिकाणी राखाडी-पांढरा होतो. पुसला की जातो आणि वाळला की परत येतो.

मधले रंग टिकतात: मध्यम करडा, मातकट तपकिरी, वाळूचा रंग. पडवी, ओटी आणि पुढच्या दाराच्या आतली पहिली चार-पाच फूट जागा, इथे तपकिरीकडे झुकणारा करडा सर्वांत समाधानकारक. लादी पांढरी असली तरीही. पांढऱ्या लादीत तपकिरी रेषा दिसतील म्हणून बिचकायला होतं, पण पावसाळ्यानंतर त्या तशा होणारच असतात, फक्त डागाळलेल्या. त्यापेक्षा आधीच एकसारख्या असलेल्या बऱ्या.

स्वयंपाकघराचं गणित वेगळं. कोकमाचं आगळ सिमेंटच्या सांध्यावर सांडलं की लाल डाग थोड्या वेळात निळसर-जांभळट होतो, कारण सिमेंट अल्कधर्मी असतं. आगळ आंबट असल्यामुळे ते सांधा हळूहळू खातंही. हळदीच्या डागावर साबण लावला की तो लाल होतो. तेव्हा घाबरून ॲसिड ओतू नका. ऊन लागलं की हळद फिकी पडते. ओट्यासमोरच्या तीन फूट पट्ट्यात मध्यम ते गडद करडा घ्या, आणि जमलं तर तिथे सिमेंटऐवजी इपॉक्सी, म्हणजे रेझिनचं ग्राउटच भरा. देवघरात तेल सांडतं, आणि तेल मुरलं की फिका सांधा कायमचा काळपट होतो. तिथेही गडद बरा.

न्हाणीघरात बुरशी दिसू नये म्हणून गडद रंग निवडला जातो. बुरशी दिसत नाही, पण असते. तिचा इलाज उतार आणि हवा. जाळीकडे दर मीटरला 10 ते 20 मिलिमीटर उतार ठेवा आणि खिडकी उघडी ठेवा. एवढं केलं तर मध्यम करडा रंगही वर्षानुवर्षं चांगला राहतो.

उठावदार रंग आणि वाकडे सांधे

पांढऱ्या लादीत गडद सांधा म्हणजे प्रत्येक रेषा अधोरेखित करणं. लाद्यांच्या मापात एक मिलिमीटरचा फरक असला, मिस्त्रीने स्पेसरऐवजी खिळे वापरले असले, भिंत काटकोनात नसली, तर सगळं दिसतं. जांभ्याच्या चिऱ्यांच्या जुन्या घरात खोली क्वचितच काटकोनात असते. अशा घरात लादीच्या जवळचा रंग घ्या, एक-दोन छटा गडद. उठावदार रंग हवाच असेल तर कडा मशीनने कापून एकसारख्या केलेल्या लाद्या घ्या आणि 2 मिलिमीटर सांधा ठेवा. साध्या लाद्यांना 3 ते 4 मिलिमीटर लागतात.

‘सांधाच नको, जोडून बसवा, रंगाचा प्रश्नच मिटला’ असं सुचवलं जातं. ऐकू नका. लादी आणि खालचा माल उष्णतेने, ओलाव्याने थोडे हलतात. जागा न मिळाल्यास लाद्या मधोमध उचलल्या जातात. भिंतीकडेलाही स्कर्टिंगखाली 5 मिलिमीटरची फट रिकामी ठेवायची असते.

व्हाइट सिमेंटमध्ये रंगाची पूड

हे काम अजूनही सर्रास चालतं, कारण स्वस्त आहे. प्रत्येक घमेल्यात पूड अंदाजाने पडते, म्हणून हॉलमधला करडा आणि पॅसेजमधला करडा एक नसतो. नुसतं व्हाइट सिमेंट वाळताना आकसतं, केसासारख्या भेगा पडतात आणि माती तिथूनच शिरते. पूड जास्त झाली (सिमेंटच्या वजनाच्या दहा टक्क्यांपलीकडे) तर सांधा कच्चा राहतो आणि फडक्याला रंग लागतो. तयार ग्राउटमध्ये पॉलिमर असतं, बारीक भराव असतो आणि रंग कारखान्यात मिसळलेला असतो. सांधा 3 मिलिमीटरपर्यंत असेल तर बिनवाळूचं, त्याहून रुंद असेल तर वाळूचं ग्राउट घ्या. वाळूचं ग्राउट चकाकत्या मऊ दगडावर घासलं तर ओरखडे पडतात, हे लक्षात असू द्या.

रंग बरोबर निवडला, पण डाग-डाग आला

सर्वांत जास्त तक्रारी इथे येतात, आणि दोष रंगाचा नसतो. गणपतीपर्यंत घर तयार हवं म्हणून आषाढ-श्रावणात लाद्या बसतात. हवा ओलसर, खालचा माल ओला, आणि मिस्त्रीला पुढच्या गावी जायची घाई.

लाद्या सिमेंट-वाळूच्या मालावर बसवल्या असतील तर किमान आठवडाभर सांधे उघडे ठेवा, पावसाळ्यात त्याहून जास्त. ॲडहेसिव्हवर (लादी चिकटवायच्या तयार मालावर) बसवल्या असतील तर निदान 24 तास, झडीच्या दिवसांत दोन-तीन दिवस. खालची ओल अडकवून वर ग्राउट भरलं, की ती सांध्यातूनच बाहेर पडते आणि येताना चुना वर आणते. तोच तो पांढरट पापुद्रा. भरण्याआधी सांध्यात कागदाच्या नॅपकिनची घडी दाबून बघा, ओलसर झाली तर थांबा. सांध्यातला जादा माल आणि ॲडहेसिव्हही खरवडून काढा. एका जागी 2 मिलिमीटर आणि दुसरीकडे 8 मिलिमीटर ग्राउट गेलं, तर दोन्ही वेगळ्या वेगाने वाळतात आणि छटा बदलते.

पाणी मापूनच. पातळ केलं की फ्लोट (ग्राउट भरायची रबरी थापी) सरसर चालतो, पण रंग फिका पडतो आणि सांधा खाली बसतो. मिसळल्यावर पाच-दहा मिनिटं मुरू द्या, परत ढवळा, आणि घट्ट होऊ लागल्यावर वरून पाणी घालू नका. पुसताना स्पंज घट्ट पिळलेला हवा. थबथबलेल्या स्पंजने पुसलं की वरचा रंग धुऊन निघतो आणि लादीच्या कडेला त्याचीच पुटं चढतात. बादलीतलं पाणी वारंवार बदला. बोअरचं पाणी तांबूस असेल तर कालवायला आणि पुसायला दुसरं पाणी आणा. चार कळशा पुरतात.

एक खोली एका दमात. अर्धी आज, अर्धी उद्या असं केलं तर जोड दिसतो. लवकर वाळावं म्हणून पंखा लावणं, दारातून येणारं ऊन थेट पडू देणं, हेही टाळा.

किती घ्यायचं याचा हिशेब असा: लादीची लांबी आणि रुंदी यांची बेरीज, भागिले त्यांचा गुणाकार, गुणिले लादीची जाडी, गुणिले सांध्याची रुंदी, गुणिले 1.6. सगळी मापं मिलिमीटरमध्ये, उत्तर दर चौरस मीटरला किलोमध्ये. 600 बाय 600 ची 9 मिलिमीटर जाड लादी आणि 3 मिलिमीटर सांधा असेल तर 0.144 किलो येतं. 200 चौरस फूट म्हणजे सुमारे 18.6 चौरस मीटर, म्हणजे 2.7 किलो. नासधूस धरून 3 किलो. सगळी पाकिटं एकाच बॅचची घ्या आणि कोरडीच एकत्र मिसळा. कमी पडलं म्हणून दुसऱ्या बॅचचं पाकीट आणलं, की छटा थोडी का होईना, वेगळी येते.

इपॉक्सी म्हणजे चिंता मिटली?

बरीचशी मिटते. माती, आगळ, तेल आत शिरत नाही, सीलरही (सांध्याची छिद्रं बंद करणारं द्रव) लागत नाही. पण पांढरं इपॉक्सी उन्हात पिवळं पडतं, म्हणून उघड्या बाल्कनीत आणि गच्चीवर नको. रेझिन, हार्डनर आणि रंगीत भराव हे तिन्ही भाग पूर्ण डबा-पाकीटच मिसळायचे. अर्धं ठेवून अंदाजाने मिसळलं तर चिकट राहतं. मिसळल्यावर साधारण अर्ध्या-पाऊण तासात ते घट्ट व्हायला लागतं, मेच्या उकाड्यात त्याहून लवकर. थोडं थोडं भरा आणि लगेच पुसा. लादीवर राहिलेला पापुद्रा दुसऱ्या दिवशी साध्या पाण्याने निघत नाही.

मॅट किंवा खडबडीत लादीत गडद ग्राउट भरण्याआधी उरलेल्या तुकड्यावर घासून बघा. रंग लादीच्या छिद्रांत बसला तर कडा कायमच्या काळ्या दिसतात. पॉलिश केलेल्या काही लाद्यांनाही हा त्रास होतो.

चूक होऊन गेली असेल तर

आधी ॲसिडची बाटली बाजूला ठेवा. ती सिमेंट खाते, त्यामुळे सांधा आज उजळ दिसतो आणि उद्या दुप्पट मळतो. ब्लीचबरोबर ॲसिड मिसळलं तर क्लोरीन वायू निघतो, बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. लाल मातीला कोमट पाणी, कपड्यांची पावडर आणि नायलॉनचा ब्रश. दहा मिनिटं भिजवून मग घासायचं. लोणा कोरड्या ब्रशने काढायचा, कारण पाणी ओतलं की मीठ परत आत जातं. बुरशीला पातळ केलेलं ब्लीच, खिडकी उघडी ठेवून.

एवढ्याने भागलं नाही आणि सांधा घट्ट असेल, तर वरून लावायचा ग्राउट कलरंट वापरा. तो गडद छटेकडेच न्या, फिकी छटा जुने डाग नीट झाकत नाही. सांधा भुसभुशीत असेल, नखाने पूड निघत असेल, तर रंग लावून उपयोग नाही. हाताच्या खरवडणीने जाडीच्या निदान दोन तृतीयांश खोलीपर्यंत काढा, धूळ झटका, पूर्ण वाळू द्या आणि नव्याने भरा. हे काम दिवाळीनंतर ते मेपर्यंत काढा. सिमेंटचं ग्राउट असेल तर पूर्ण मुरल्यावर सीलर लावा. वर्षाने पाण्याचा थेंब टाकून बघा: थेंब तसाच राहिला तर ठीक, जिरून सांधा गडद झाला तर पुन्हा हात द्या.

उरलेलं ग्राउट डब्यात घट्ट बंद करून ठेवलं तरी इथल्या दमट हवेत पावसाळ्यात त्याचे गोळे होतात, त्यावर विसंबू नका. शेडचा नंबर, कंपनी आणि भरल्याची तारीख मीटरच्या पेटीच्या दाराला आतून मार्करने लिहून ठेवा, आणि त्याच बॅचच्या चार लाद्या माळ्यावर.