नाव मोठे होण्याआधी घरात काय ठरवून ठेवावे

सांगलीहून चित्रपटांत काम करण्यासाठी मुंबईला निघालेल्या मुलामुलींना मी एकच सांगतो: महालक्ष्मी एक्सप्रेसचे तिकीट काढण्यापूर्वी घरच्यांसोबत एक संध्याकाळ बसा आणि लोकांना काय सांगायचे नाही, याची यादी वहीत लिहून काढा. प्रेम, लग्न, आजार, कर्ज, घराचा पत्ता, जे झाकायचे ते आजच ठरवावे. कारण नाव झाल्यावर हे निर्णय घाईत होतात आणि बहुधा दुसरेच कोणीतरी ते घेते.

यादी झाली की प्रत्येक नोंदीसमोर दुसरा रकाना आखून, ही गोष्ट राखण्यासाठी घरातल्या कोणाला खोटे बोलावे लागेल, त्याचे नाव लिहा. माझ्या मते सारी किंमत याच रकान्यात दिसते. माझ्या एका विद्यार्थिनीने कामे मिळावीत म्हणून आपले लग्न लपवले, तेव्हा विश्रामबागेतल्या तिच्या आईने बैठकीच्या खोलीतला लग्नाचा फोटो उतरवला आणि भिंतीवर उरलेल्या फिकट चौकोनावर कॅलेंडर टांगले. हळदीकुंकवाला आलेल्या बायका जावयाची चौकशी करू लागल्या, की तिची आई चहा टाकायला आत जाई.

म्हणून ‘याविषयी मी बोलणार नाही’ असे सरळ सांगून जी गोष्ट राखता येते, तीच राखावी. जिच्यासाठी खोटी हकिगत रचावी लागते, ती राखू नये. बंगाली अभिनेत्री सुचित्रा सेन यांनी १९७८च्या सुमारास चित्रपट सोडले आणि २०१४मध्ये निधन होईपर्यंत त्या लोकांसमोर क्वचितच आल्या. ते मौन होते, बनाव नव्हता.

करारपत्रावर सही करण्यापूर्वी, घरात गंभीर प्रसंग ओढवल्यास चित्रीकरण सोडून किती दिवस जाता येईल, हे कलम लिहून घ्यावे. आपल्याच जिल्ह्यातील नागठाण्याच्या बालगंधर्वांनी १९११मध्ये मुलगी गेली त्याच दिवशी ‘मानापमान’चा पहिला प्रयोग केला, हे आपण अभिमानाने सांगतो, मला मात्र ते ऐकताना दर वेळी त्यांचे घर आठवते.

काहीही न लपवता बोलता येईल असा एक माणूस व्यवसायाबाहेरचा असावा. तो नसेल किंवा झोप उडाली असेल, तर शासनाच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करावा.

दर दिवाळीला घरी आल्यावर वही उघडावी आणि दुसऱ्या रकान्यात ज्यांची नावे आहेत, त्यांनाच विचारावे, की यातले काय आता खोडायचे.