व्हिनाइल की टाइल? आधी ओल बघा

जुनी फरशी न फोडता वर व्हिनाइलच्या, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकच्या, पट्ट्या टाकायचा मोह होतो. धूळ नाही, ठोकाठोकी नाही, एक खोली दिवसभरात होते. पण तळमजल्यावर राहत असाल तर आधी एक करा: दोन फुटी प्लास्टिकचा तुकडा फरशीवर ठेवून चारही कडा टेपने घट्ट चिकटवा. दोन-तीन दिवसांनी खाली दव दिसलं, तर व्हिनाइलचा विचार सोडा. पट्टी स्वतः भिजून फुगत नाही, पण खाली अडकलेल्या ओलीने बुरशी आणि कुबट वास येतो. ही परीक्षा शक्यतो पावसाळ्यातच घ्या. उन्हाळ्यात सगळ्याच फरश्या कोरड्या.

वरच्या मजल्यावरच्या बेडरूमला व्हिनाइल छान, पायाला गार लागत नाही. मात्र दार उघडून बघा, कारण चार-पाच मिलिमीटर उंची वाढली की ते घासतं. खालची टाइल पोकळ वाजत असेल तर ती आधी पक्की करून घ्या.

बाथरूम, बाल्कनी आणि बादलीभर पाणी ओतून धुतलं जाणारं स्वयंपाकघर, इथे टाइलच. तीही खरबरीत, मॅट. आणि एक खोका जास्तीचा घेऊन माळ्यावर टाका, तीच छटा पुन्हा मिळत नाही.